मे महिन्यात तीन वाढत्या पोरांना घेऊन क्रूझ: जहाज कसं निवडावं?

तुमचा प्रश्न असा आहे. डोंबिवलीहून सात जण निघणार: तुम्ही दोघं, दीर-जाऊबाई आणि तीन मुलगे. धाकटा 13 चा, थोरला 16 चा, नुकतीच दहावी दिलेला, आणि पुतण्या 17 चा, यंदा बारावीत जाणारा. सुट्टी मे महिन्यातली. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया (त्या कंपनीचं एम्प्रेस हे जहाज) घ्यावी की सिंगापूर गाठून तिथलं मोठं जहाज घ्यावं? आणि दुसऱ्याच दिवशी पोरं केबिनमध्ये मोबाईल घेऊन लोळत पडू नयेत, यासाठी नेमकं काय बघावं?

उत्तर आधीच देऊन टाकतो. मे महिना पक्का असेल तर सिंगापूरहून निघणारी गेंटिंग ड्रीम किंवा डिस्ने अ‍ॅडव्हेंचर, किमान तीन रात्री. दिवाळी किंवा नाताळपर्यंत थांबायची तयारी असेल तर रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं जे जहाज त्या हंगामात सिंगापूरला असेल ते बघा, आणि ते क्वांटम वर्गातलं (तिच्या नव्या, मोठ्या जहाजांपैकी; तपशील पुढे) असेल तर फार घोळ घालू नका, घेऊन टाका. मुंबईची एम्प्रेस दोन रात्रींसाठी छान. त्यापुढे 16-17 च्या मुलांना ती पुरणार नाही.

आता यामागचं गणित. बहुतेक घरांत सुरुवात होते ती जहाजाच्या फोटोंपासून: घसरगुंडी किती उंच, स्विमिंग पूल किती. या वयाच्या मुलग्यांसाठी मी आधी तारीख बघायला सांगतो. ती घसरगुंडी पहिल्या दिवशी दहा वेळा होते, दुसऱ्या दिवशी तीन वेळा, तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी बघतही नाही. जहाजावर त्यांच्या वयाची आणखी पन्नास-साठ पोरं असली तर मात्र ती तुम्हाला जेवायलासुद्धा भेटणार नाहीत. आणि ती असतात फक्त शाळांच्या सुट्टीत. आपली सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी जूनमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर. म्हणजे मे मध्ये सिंगापूरच्या जहाजावर आपल्याकडची भरपूर कुटुंबं भेटतील, जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडची. उलट स्वस्त मिळतंय म्हणून जुलै-ऑगस्टमधली किंवा जानेवारीच्या मधल्या आठवड्यातली तारीख घेतली, की जहाजावर निवृत्त जोडपी आणि कंपन्यांचे ग्रुप. टीन क्लबच्या, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी राखलेल्या अड्ड्याच्या, खोलीत चार पोरं, त्यातली दोन तुमचीच. अशा वेळी काही जहाजांवर वयोगट एकत्र करतात किंवा क्लबचे तास कमी करतात, आणि "जाहिरातीत तर दाखवलं होतं" हे वाक्य तिथे कामाला येत नाही.

तारखेत आणखी एक पाचर आहे, ती तुमच्या पुतण्याची. अकरावी संपली की बहुतेक क्लासवाले मे मध्येच बारावीचा अभ्यासक्रम सुरू करतात. आधी त्याच्या क्लासचं वेळापत्रक हातात घ्या, मग विमानाची तिकिटं बघा. सात जणांच्या बुकिंगमधून ऐनवेळी एक नाव गळालं तर केबिनची सगळी रचना कोलमडते आणि भरलेल्या पैशातलं फारसं हाती येत नाही.

तारीख ठरली की मग जहाज. कंपनी नव्हे, जहाज. एजंट "रॉयल कॅरिबियन आहे ना, काळजीच नको" म्हणाला तर त्याला जहाजाचं नाव विचारा, कारण एकाच कंपनीच्या दोन जहाजांत वीस वर्षांचा फरक असू शकतो. क्वांटम वर्गातली जहाजं (क्वांटम, अँथम, ओव्हेशन ऑफ द सीज ही 2014 ते 2016 मधली, आणि नंतर आलेलं स्पेक्ट्रम) प्रत्येकी सुमारे 1,68,000 टनांची. त्यांच्यावर फ्लोरायडर म्हणजे कृत्रिम लाटेवरचं सर्फिंग आहे, आयफ्लाय म्हणजे उभ्या वाऱ्याच्या नळीत तरंगणं आहे, चढायची भिंत आहे आणि छताखाली बास्केटबॉल आणि बम्पर कारचा हॉल आहे. व्हॉयेजर वर्गातली जहाजं 1999 ते 2003 मधली. त्यांच्यावर आइस स्केटिंगची रिंक असते, पण आयफ्लाय नाही. दोन्ही चांगली, फक्त एकीचे फोटो बघून दुसरीवर चढू नका. मे साठी मुख्य अडचण वेगळीच आहे: गेली काही वर्षं क्वांटम वर्गातली बरीचशी जहाजं उन्हाळ्यात अलास्काला पाठवली जातात आणि आशियात येतात ती साधारण ऑक्टोबरनंतर. म्हणून वर दिवाळी-नाताळ म्हटलं.

गेंटिंग ड्रीम 2016 चं जहाज, सुमारे 1,50,000 टन, आणि वर्षाचा बहुतेक काळ सिंगापूरलाच असतं. वरच्या डेकवर पाण्याच्या सहा घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा रोप्स कोर्स, त्याला जोडून झिपलाइन, चढायची भिंत, बास्केटबॉल. मुलग्यांच्या दृष्टीने ऐवज भरपूर. उणीव एकच, पण मोठी: तिथला मुलांचा क्लब बारा वर्षांपर्यंतचा आहे. तुमची तिन्ही पोरं त्याबाहेर. म्हणजे त्यांचा अड्डा त्यांनाच जमवावा लागणार. तीन भाऊ एकत्र असतील तर ते चालून जातं. एकुलत्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी विचारलं असतं तर हे जहाज मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं. भारतीय जेवण इथे व्यवस्थित मिळतं, ही तुमच्या जाऊबाईंसाठी जमेची बाजू.

डिस्ने अ‍ॅडव्हेंचर मार्च 2026 पासून सिंगापूरहून तीन आणि चार रात्रींच्या फेऱ्या करतं. वाटेत बंदर नाही, पूर्ण वेळ समुद्रात. "डिस्ने म्हणजे लहान पोरांचं," असं 17 चा पुतण्या म्हणणारच. पण डिस्नेच्या जहाजांवर 11 ते 14 आणि 14 ते 17 असे दोन स्वतंत्र क्लब असतात, तिथे आईवडिलांना प्रवेश नसतो, आणि या जहाजावर तर रोलर कोस्टरही आहे. जहाज 2,08,000 टनांचं. किंमत मात्र त्याच रात्रींच्या गेंटिंग ड्रीमपेक्षा बरीच चढी पडते, आणि सात जणांना गुणलं की डोळे पांढरे होतात. तिन्ही मुलगे बुजरे असतील तर पैसे इथे टाकणं योग्य. बिनधास्त असतील तर गेंटिंग ड्रीम घ्या आणि वाचलेल्या पैशात सिंगापूरला दोन रात्री जास्त राहा.

मुंबईची एम्प्रेस 1990 साली बांधलेली, सुमारे 48,000 टनांची, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती. 2021 पासून कॉर्डेलिया ती मुंबईहून चालवते. चढायची भिंत आहे, पूल आहे, रोज रात्री कार्यक्रम असतात, जेवण आपल्या पद्धतीचं. लोकल पकडून सीएसएमटीला उतरा, टॅक्सीने दहा मिनिटांत बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल. विमान नको, व्हिसा नको. पण घसरगुंड्या नाहीत आणि पंधरा-सोळाच्या मुलांसाठी म्हणून वेगळा क्लब म्हणावा असा काही नाही. आणि मे महिन्यात अरबी समुद्राचं काही सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यात तो बरा असतो, दुसऱ्या पंधरवड्यात मान्सूनपूर्व उसळी सुरू होते. 2021 चं तौक्ते वादळ 17 मे च्या सुमाराचं. लक्षद्वीपची फेरी घेतलीत तर तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून बेटावर नेतात. समुद्र हलत असेल तर उतरणंच रद्द होतं आणि पोरांना ज्या पाण्यासाठी आणलं ते लांबूनच बघावं लागतं. म्हणून एम्प्रेस घ्यायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दोन रात्री, गोवा. पोरांना बोट लागते का, हे बघण्यासाठी याहून स्वस्त परीक्षा नाही.

गर्दीचा अंदाज बांधायचा एक सोपा हिशोब आहे. जहाजाचं टनेज हे वजन नसून आतल्या जागेचं माप असतं. त्याला दोन माणसांप्रमाणे धरलेल्या प्रवासीसंख्येने भागायचं. एम्प्रेसवर सुमारे 800 केबिन, म्हणजे 1,600 माणसं. भागाकार 30 च्या आसपास. क्वांटम वर्गात 4,180 माणसं, भागाकार 40. गेंटिंग ड्रीमवर सुमारे 3,350, भागाकार 45. आकडा मोठा तितकी माणशी जागा जास्त. मात्र सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं झोपतात, त्यामुळे प्रत्यक्षात सगळीकडेच तो खाली येतो.

आता वयोगट, कारण तुमच्या घरात खरी मेख तिथे आहे. ते कंपनीगणिक बदलतात. एमएससी आणि कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर 12 ते 14 आणि 15 ते 17 असे दोन वेगळे क्लब. म्हणजे धाकटा एका खोलीत आणि दोघे थोरले दुसरीकडे. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर 13 ते 17 सगळे एकत्र, तिथे तिन्ही मुलगे एका छताखाली येतील. कोणतं बरं? धाकटा 13 चा असून थोरल्यांच्या शेपटाला लटकणारा असेल तर एकत्र क्लबमध्ये तो कोपऱ्यात बसून राहतो. वेगळा गट झाला तर त्याला स्वतःचे दोस्त मिळतात आणि थोरल्यांनाही हायसं वाटतं. माझा कल वेगळ्या गटाकडे. वय मोजतात ते जहाज सुटण्याच्या तारखेचं आणि त्यात सूट सहसा मिळत नाही. पुतण्या फेरीच्या आधी 18 पूर्ण करत असेल तर त्याचा क्लब संपला. मग त्याला कोणत्याच गटात जागा नाही आणि चार दिवस काकांबरोबर पत्ते. जन्मतारीख आणि फेरीची तारीख शेजारी लिहून बघा.

खेळांची उंचीची अट घरीच तपासा. उदाहरण फ्लोरायडरचं घ्या. पोटावर झोपून फळीवरून जायला किमान 52 इंच, म्हणजे 132 सेंटिमीटर. उभं राहून सर्फिंग करायला 58 इंच, म्हणजे साधारण 147 सेंटिमीटर. तेरा वर्षांची कितीतरी मुलं 143-145 ला असतात. तिथे दाराशी मोजपट्टी रंगवलेली असते, चप्पल काढून उभं करतात आणि दोन सेंटिमीटर कमी भरला तर परत पाठवतात. मोठे भाऊ उभ्याने लाटेवर आणि हा कठड्याबाहेर, असं झालं की त्या संध्याकाळचं वातावरण तुम्हाला माहीत आहेच. आधीच सांगून ठेवा की तू पोटावरची करायची. खरं तर नवशिक्याला तीच जास्त जमते. उभ्याने करणारे पहिल्या पाच सेकंदांत आडवे होऊन मागच्या गादीवर आपटतात.

रांगेचंही गणित तिथेच कळतं. लाटेवर एका वेळी एक जण, प्रत्येकाला साधारण मिनिटभर. पुढे पंचवीस जण असतील तर अर्धा तास उभं राहून एक मिनिटाचा खेळ. म्हणून या गोष्टी करायच्या वेळा ठरलेल्या: उघडल्या उघडल्या सकाळी, सगळे जेवायला गेलेले असताना, किंवा जहाज बंदराला लागलेलं असताना. शेवटची युक्ती सगळ्यात कामाची. मलेशियातल्या पोर्ट क्लांग बंदराला जहाज लागलं की अर्धी माणसं क्वालालंपूर बघायला जातात. जायला तास-दीड तास, यायला तितकाच, मध्ये एक मॉल आणि दोन मनोरे. मुलग्यांना त्या दिवशी जहाजावरच ठेवा, रिकाम्या घसरगुंड्या त्यांच्या. दोघं मोठी माणसं थांबतील, दोघं फिरून येतील.

बाकीच्या अटी बारीक आहेत, पण त्याच नडतात. चढायच्या भिंतीला आणि दोरांच्या कोर्सला बंद बूट आणि मोजे लागतात. क्रॉक्स आणि फ्लोटर घातलेली पोरं परत पाठवतात, आणि जहाजावरच्या दुकानात मोजे घ्यायला गेलात तर किंमत बघून हसू येईल. आइस स्केटिंगला लांब पँट आणि मोजे. स्विमिंग पुलात आणि घसरगुंडीवर नायलॉनचा स्विमिंगचा पोशाख. सुती टी-शर्ट आणि बर्मुडा घालून गेलेल्यांना जीवरक्षक बाहेर काढतात. जोखमीच्या खेळांसाठी 18 खालच्या मुलांच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागते. तुमच्या मुलांची तुम्ही, पुतण्याची दीर-जाऊबाईंनी. काका म्हणून केलेली सही चालेल हे गृहीत धरू नका. पहिल्या दुपारीच सगळ्यांच्या सह्या उरकून टाका. आयफ्लायसारख्या खेळांच्या वेळा आधी राखाव्या लागतात आणि पहिल्या काही तासांत भरून जातात. मे मध्ये सिंगापूरच्या बाजूला दुपारनंतर विजा कडाडतात आणि वीज दिसली की वरचा डेक बंद, तेव्हा उघड्यावरचे खेळ सकाळी आटपा.

रात्री किती घ्यायच्या? दोन रात्रींच्या फेरीत पहिला दिवस चढण्यात, सुरक्षेच्या कवायतीत आणि जहाज समजून घेण्यात जातो, शेवटच्या सकाळी नाश्ता करून खाली. हाती उरतो एक पूर्ण दिवस. पोरांच्या ओळखी होतात त्या दुसऱ्या रात्री आणि तिसऱ्या सकाळी निरोप. तीनला जमतं, चार उत्तम. सातच्या पुढे, पहिल्याच वेळी, नको.

केबिनच्या बाबतीत "तीन मुलांना स्वतंत्र खोली देता येईल का" असं तुम्ही विचारलं आहे. येईल, पण कागदावर तशी मिळत नाही, कारण बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक सज्ञान माणूस मागतात. काही जण शेजारच्या किंवा आतून दार असलेल्या केबिनसाठी ही अट सोडतात, ते बुकिंगच्या वेळी विचारा. नाही मिळाली तर रचना अशी: पहिल्या केबिनमध्ये तुम्ही दोघं. दुसरीत जाऊबाई आणि धाकटा. तिसरीत, तीन बर्थच्या, दीर आणि दोघे थोरले. जहाजावर चढलं की दीर दुसरीत झोपायला जातात, धाकटा तिसरीत. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जादा कार्ड मागितलं की दार उघडायचा प्रश्न मिटतो. एक गोष्ट मात्र बदलायची नाही: आणीबाणीत जमायचं ठिकाण प्रत्येकाच्या कार्डावर छापलेलं असतं, ते मूळ केबिनप्रमाणे. कवायतीला आणि खरोखर भोंगा वाजला तर धाकट्याने आपल्या कार्डावरच्या ठिकाणी जायचं, भावांच्या मागे नाही. हे त्याला दोनदा समजावून सांगा. तिन्ही केबिन एकाच डेकवर, शेजारी किंवा समोरासमोर मागा. वरचा बर्थ छतातून उतरणारा असतो. पुतण्या पावणेसहा फुटी असेल तर त्याला खाली द्या. खिडकी-बाल्कनीवर मुलांसाठी पैसे घालवू नका. ही पोरं केबिनमध्ये झोपायला तेवढी येतील, आणि आतल्या अंधाऱ्या केबिनमध्ये सकाळी दहापर्यंत मस्त झोपतील. कोणाला बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन. मलाक्काची सामुद्रधुनी तशी शांत असते, तरी डॉक्टरांना विचारून गोळ्या जवळ ठेवा. त्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, नंतर फारसा उपयोग होत नाही.

पैसे गळतात ते भाड्याबाहेर. जहाजावरचं कार्ड हेच पाकीट, आणि ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं. व्हिडिओ गेमच्या दालनात पोरगं कार्ड टेकवतं, खेळतं, पुन्हा टेकवतं. शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकतं तेव्हा दीडशे डॉलर. उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करा किंवा प्रत्येकाला ठरावीक मर्यादा घाला. बहुतेक जहाजांवर हे दोन मिनिटांत होतं. डिस्ने सोडलं तर बहुतेक जहाजांवर कोल्ड्रिंक भाड्यात नसतं, पाणी आणि बुफेतला चहा-कॉफी असते. तिघं दिवसाला चार-चार कॅन पिणारे असतील तर सोड्याचं पॅकेज परवडतं, दोन पिणारे असतील तर नाही. टिप बिलात आपोआप लागते: माणशी रात्रीला 18 डॉलर धरले तर सात जणांचे चार रात्रींचे 504 डॉलर, आणि ही रक्कम एजंटच्या पहिल्या कोटेशनमध्ये बहुधा नसते. लेखी विचारून घ्या की बंदर शुल्क, टिप आणि परदेशी टूरवरचा टीसीएस (टूर विकताना एजंट आगाऊ वसूल करतो तो आयकर) धरून आकडा किती. टीसीएस पुढे आयकर विवरणात वळता करून घेता येतो, तरी आज खिशातून जातोच.

मोबाईलवरून भांडणं होतील म्हणून आधीच ठरवा. जहाज धक्का सोडलं की सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि रोमिंगचं बिल येतं. वायफाय उपकरणामागे आणि दिवसामागे विकतात. एका उपकरणाचं पॅकेज घेऊन तिघांनी आळीपाळीने लॉगिन करणं चालतं, फक्त एका वेळी एकच फोन. खरं सांगायचं तर मुलग्यांसाठी न घेतलेलं बरं. वायफाय घेतलं तर टीन क्लब वाया. संपर्कासाठी जागा आणि वेळ ठरवा: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, अमक्या जेवणघराच्या दाराशी, अमक्या वाजता. बाकी वेळ मोकळं सोडा. रॉयल कॅरिबियनवर 18 खालच्या मुलांना रात्री एकनंतर आईवडिलांशिवाय बाहेर फिरता येत नाही. तुमचा नियम बाराचा असेल तर तोही चढायच्या आधीच सांगा. आशियातल्या फेऱ्यांवर बऱ्याच जहाजांवर दारूचं किमान वय 18 असतं, आणि पुतण्याचे नवे दोस्त अठरा-एकोणीसचे असू शकतात. त्याच्याशी हे बोलायचं काम दिरांचं.

खाण्याची चिंता कमी करा. पोरं दिवसाला पाच वेळा खातील आणि रात्री अकरानंतर पिझ्झाच्या काउंटरवर सापडतील. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य जेवणघरातल्या प्रमुखाला पुन्हा सांगा; तो दुसऱ्या दिवशीचा पदार्थ आदल्या रात्रीच ठरवून देतो. घरचे लाडू-चकल्या चढताना अडवू शकतात, कंपनीचं सीलबंद पाकीट सहसा चालतं. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड मात्र काढून घेतात. तिघांचे फोन-घड्याळं चार्ज करायला चार यूएसबीचा एक चार्जर न्या.

आता कागद, आणि इथे सर्वात जास्त घरं अडकतात ती मुलांच्या पासपोर्टवर. अज्ञान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा 18 पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढा असतो. पंधरा ते अठरामधल्यांना दहा वर्षांचाही मागता येतो. धाकट्याचा आठव्या वर्षी काढला असेल तर तो आत्ता संपत आलेला असणार. सिंगापूरला प्रवेशाच्या दिवशी सहा महिने वैधता लागते. पुतण्याच्या पासपोर्टवर त्याच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख असेल तर तीही मोजा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे बघा, कारण जहाजाने बाहेर जाऊन परत आलात की तो दुसरा प्रवेश. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते विमानाने पोहोचताना आणि जहाजाने परतताना दोन्ही वेळा लागेल असं धरून चाला. मलेशिया-थायलंडचे नियम वरचेवर बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात कंपनीच्या व्हिसा पानावर पुन्हा तपासा. प्रवास विम्यात क्रूझ आणि साहसी खेळ दोन्ही लिहिलेले हवेत. जहाजावरच्या डॉक्टरची फी डॉलरमध्ये असते आणि फ्लोरायडरवर मनगट मुरगळणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मुंबईचं विमान जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीचं घ्या, त्याच सकाळचं नको. सिंगापूरला मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन क्रूझ टर्मिनल आहेत. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावर कोणतं आहे ते वाचा.

बुकिंगच्या आधी एक काम मुलांना द्या. निवडलेल्या दोन जहाजांचे डेक प्लॅन कंपनीच्या साइटवरून काढून तिघांपुढे ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या तीन गोष्टी खुणावायला सांगा. ज्या जहाजावर नऊपैकी सहा-सात खुणा वरच्या दोन-तीन डेकवर एकत्र पडतील ते घ्या. आणि जहाजावर टीन क्लब असेल तर चढल्याच्या पहिल्या संध्याकाळी त्याची ओळखीची बैठक असते, साधारण जेवणानंतर; तिला तिघांना पाठवाच, कुरकुरले तरी. टोळकी त्याच तासात जमतात. दुसऱ्या रात्री गेलेला मुलगा दाराशी उभा राहून परत येतो, आणि मग उरलेले दिवस तो तुमच्याबरोबर बुफेच्या रांगेत असतो.